नमुना क्रमांक २१७

इरम्मा गड्डम दोन बाटल्या घेऊन आल्या,
विडीच्या सुपात, तेंदूच्या ओल्या पानांखाली झाकून,
जसं काही बाटल्यांनाही ऊन लागतं.
एक सीलबंद. एक उघडलेली, गळ्यापर्यंत भरलेली.
दोन्हींवर तेच निळं लेबल :
षट्कोणी रचनेचं जिवंत पाणी. एक लिटर. बाराशे पन्नास रुपये.

असली पाणी वर्षाला दोन-तीन येतातच आमच्याकडे.
मंगळवेढ्याच्या एका सरांचं चुंबकातून गाळलेलं,
बार्शीच्या बाईंचं पुनवेच्या चांदण्यात ठेवलेलं.
मी हसू तोंडात धरून पावती फाडते.

"तपासा की ओ मॅडम. हे पाणी संपत नव्हतं."

"म्हणजे?"

"दिवाळीला घेतलं, मालकांच्या किडनीसाठी.
एजंट म्हणाला, रोज सकाळी एक पेला.
शिवरात्रीपर्यंत रोज प्याले, माझ्यासमोर,
अन् बाटली तेवढीच.
दुसरी मी आणून ठेवली होती, फोडूच दिली नाही.
म्हणायचे, पहिली संपू दे की."

सील मला फोडावं लागलं.
त्या तेवढ्यात खिडकीबाहेर बघत होत्या.

सीलबंद पाणी उकळलं साडेअठ्ठ्याण्णवला.
सोलापुरात सगळंच तिथं उकळतं, चहासुद्धा.
काठिण्य सोळा. क्लोराइड जवळपास नाहीच.
चौकातल्या फिल्टरवाल्याच्या जारमध्येही हेच असतं,
वीस रुपयांत, वर बर्फाचा खडा.

मग दुसरी.
चंचुपात्रात पन्नास मिली, दोन थेंब दर्शक,
पाणी जांभळट लाल झालं,
आणि ब्युरेटची तोटी गळकी, तिला बोट लावून मी थेंब मोजत बसले.
दहा. वीस. तीस.
लाल हटायला तयार नाही.
चौतिसाव्या मिलीला एकदम निळं,
न सांगता दिवे यावेत तसं.

सहाशे ऐंशी.

हा आकडा माझ्या ओळखीचा होता.
रजिस्टर मागं उलटलं, गेल्या जूनपर्यंत :
दाजी पेठ, गड्डम यांच्या चाळीतलं बोअर, सहाशे चौऱ्याऐंशी.
वापरायला ठीक. भांडी, फरशी, संडास.
नळाचं पाणी पाचव्या दिवशी येतं,
ते पिंपात, पोरांसाठी, फडकं बांधून.
त्याला त्यांनी हात लावला नव्हता.

बशीत आटवलं तर पांढरा थर राहिला
आणि काठाला गुलाबी रेघ, केसाएवढी.
ते रंगखात्यात होते, चादरीच्या कारखान्यात, एकतीस वर्षं.
पण ती रेघ कुठून आली हे मी लिहू शकत नाही.
रंगाची चाचणी आमच्याकडे नाही.

अहवालात शेवटचा रकाना, अभिप्राय.
दोन ओळींची जागा.
रबरी शिक्का तयारच असतो : पिण्यास अयोग्य.
मी तो शाईत दाबला आणि तसाच धरून राहिले.

"निघालं का काही?"

"बोअरचं आहे."

"कुठलं बोअर?"

"तुमच्या अंगणातलं."

त्यांनी पदराच्या टोकानं सुपाची कड पुसली,
पुसायला तिथं काही नव्हतं.
"तरीच खारट लागतंय म्हणायचे.
मी म्हटलं, औषध आहे, लागणारच."
मग तेलुगूत काहीतरी, माझ्याशी नव्हे,
त्यातलं मला फक्त 'नीळ्ळु' कळलं. पाणी.

नमुना परत देता येत नाही, भिंतीवर लिहिलंय.
तरी त्यांनी मागितला आणि मी दिला,
बोअरच्या पाण्याचा, बुचाला कापूस लावून.
पानांखाली त्यांनी तो आडवा नाही, उभा ठेवला.

बाराशे पन्नासवाली टेबलावरच राहिली.
"ते तुम्ही प्या ओ मॅडम, ऊन किती हाय बाहेर."

साडेपाचला कुलूप लावण्याआधी मी एक पेला ओतला.
कशाचीच चव नव्हती.